बॉम जीझसच्या भिंतीवरचा चुना

जुन्या गोव्यात जाऊन बॉम जीझस बॅसिलिकासमोर फोटो न काढणारा माणूस विरळा. त्या लाल भिंती पाहून आपल्याला वाटतं, चारशे वर्षांपूर्वीही चर्च असंच दिसत असेल. तसं नाही.

१५९४ मध्ये जेझुइटांनी बांधायला घेतलेलं हे चर्च १६०५ मध्ये उपासनेसाठी खुलं झालं. त्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार काश्त्रो यांच्या देखरेखीखाली तो काढण्यात आला. वास्तू अधिक प्राचीन दिसावी, असा हेतू त्यामागे होता, असं सांगतात.

पाहुण्यांना इथे नेतो तेव्हा मी आधी त्यांना दर्शनी भागातला काळा दगड दाखवतो. खांब आणि नक्षीसाठी हा बेसॉल्ट थेट वसईहून आणला होता. सर्वांत वर येशूच्या नावाची ‘आयएचएस’ ही अक्षरं कोरली आहेत. जेझुइटांची हीच खूण.

आत मुख्य वेदी सोन्याच्या मुलाम्याने झळकते. बाळ येशूच्या लहानशा मूर्तीमागे संत इग्नेशियस यांचा भव्य पुतळा उभा आहे. उजवीकडे संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी. तिचा संगमरवरी चौथरा टस्कनीचे ड्यूक तिसरे कोझिमो यांनी भेट दिला. फ्लॉरेन्सचे शिल्पकार फोजिनी यांनी घडवलेला हा चौथरा १६९८ मध्ये इथे बसवला गेला. त्यावरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्याच कारागिरांची, १६३६-३७ मधली. इटलीच्या संगमरवराइतकाच मान तिला मिळायला हवा.

आता पुन्हा भिंतींकडे येऊ. जांभा, म्हणजे आपला चिरा, सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी तो पितो, हळूहळू झिजतो. गोव्यातली जुनी चर्चं पांढरीशुभ्र दिसतात, कारण चुना चिऱ्याचं रक्षण करतो. इथे मात्र काही दशकांपासून उघडा चिरा पावसाळ्यामागून पावसाळा झेलतो आहे.

गिलावा परत करावा, असं अनेक जाणकार म्हणतात. लाल रूपाची सवय झालेल्यांना ते पटत नाही. मला विचाराल तर चुना परत यावा. १९८६ पासून जागतिक वारसा यादीत असलेली ही वास्तू फोटोत कशी दिसते, यापेक्षा ती टिकते का, हे महत्त्वाचं. पुढच्या खेपेला भिंतीजवळ जा आणि झिजलेले चिरे नीट पाहा. मग तुमचं मत ठरवा.