सज्जा आणि समुद्र : फॉकलंड युद्धामागचे घरचे राजकारण

घरात असंतोष वाढला की राज्यकर्ते बाहेर युद्ध काढतात, हे विधान आपण इतक्या सहजपणे करतो की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. त्यासाठी हमखास दिले जाणारे उदाहरण म्हणजे १९८२चे फॉकलंड युद्ध. मी त्या वर्षातल्या तारखा एकापुढे एक मांडून पाहिल्या. उदाहरण खरे ठरले, पण वेगळ्याच अर्थाने.

रूढ कथा अशी. अर्जेंटिनात १९७६पासून लष्करी राजवट होती. हजारो माणसे ‘बेपत्ता’ झाली होती आणि महागाई वर्षाला शंभर टक्क्यांच्या वर गेली होती. ३० मार्च १९८२ रोजी कामगार संघटनांनी ब्यूनस आयर्समधल्या प्लाझा दे मायो चौकाकडे मोर्चा काढला. पोलिसांनी तो मोडून काढला, शेकडोंना पकडले. २ एप्रिलला सैन्य फॉकलंड बेटांवर उतरले आणि त्याच चौकात जनरल गाल्तिएरींचा जयजयकार झाला. अर्जेंटिना या बेटांना माल्विनास म्हणतो. १८३३ साली ब्रिटनने ती बळकावली, हे तिथे शाळेतच शिकवले जाते.

कथा सुटसुटीत आहे. अडचण एवढीच की सैन्य उतरवण्याचा निर्णय २६ मार्चला झाला होता आणि जहाजे २८लाच बंदरातून निघाली होती. म्हणजे मोर्चा हे कारण नव्हे. खरे मूळ डिसेंबर १९८१मध्ये सापडते. जनरल व्हिओला यांना बाजूला सारून गाल्तिएरी अध्यक्ष झाले ते नौदलप्रमुख अनाया यांच्या पाठिंब्याने, आणि अनायांना माल्विनासचा ध्यास होता. पाठिंब्याची किंमत म्हणजे ही बेटे, असे अनेक अभ्यासक मानतात. हुकूमशहाला मतदारांची फिकीर नसते म्हणून त्याला घरचे राजकारणही नसते, असा आपला समज असतो. ते असतेच, फक्त भूदल, नौदल आणि हवाईदल यांच्या तीन प्रमुखांत, बंद खोलीत चालते.

मूळ बेत होता वर्षाच्या उत्तरार्धाचा. फ्रान्सकडून घेतलेली सुपर एतांदार विमाने तोवर सगळी आली असती, नव्या भरतीचे प्रशिक्षण झाले असते. पण मार्चमध्ये दक्षिण जॉर्जिया बेटावर भंगार गोळा करायला गेलेल्या अर्जेंटिनी कामगारांवरून तंटा पेटला आणि घाई झाली. बेटे घ्यायची, थोडी शिबंदी ठेवायची आणि ब्रिटनला वाटाघाटींना बसवायचे, इतकाच हिशोब होता. तो बिघडवला जयजयकाराने. १० एप्रिलला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेग मध्यस्थीसाठी त्याच शहरात होते, आणि गाल्तिएरी राष्ट्राध्यक्ष भवनाच्या सज्जातून गर्दीला सांगत होते की ब्रिटिशांना यायचे असेल तर येऊ देत, आम्ही लढू. एवढे जाहीरपणे बोलल्यावर माघार घेणार कशी? थोडी शिबंदी दहा हजारांच्या वर गेली.

लंडनमध्ये काही वेगळे घडत नव्हते. बेरोजगारांचा आकडा तीस लाखांवर, थॅचरबाई अप्रिय. त्यांच्याच सरकारने काटकसर म्हणून ‘एन्ड्युरन्स’ हे त्या भागातले गस्ती जहाज मागे घेण्याचे ठरवले होते. ब्रिटनला बेटांची पर्वा नाही, असा अर्थ ब्यूनस आयर्समध्ये काढला गेला. ३ एप्रिलला, शनिवार असूनही, संसद बसली. यापूर्वी असे १९५६च्या सुएझ पेचाच्या वेळी झाले होते. अण्वस्त्रविरोधी म्हणून ओळखले जाणारे विरोधी पक्षनेते मायकेल फूट यांनीही कृतीची मागणी केली. ५ एप्रिलला परराष्ट्रमंत्री कॅरिंग्टन यांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी ताफा निघाला. तो निघाला नसता तर थॅचर टिकल्या असत्या, असे मला वाटत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि दोनच महिन्यांनी सार्वत्रिक निवडणूक होती. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते. पाश्चात्त्य टीकाकारांनी लगेच दोन्हींची सांगड घातली. पण गोव्याच्या प्रश्नाला त्याआधी चौदा वर्षांच्या निष्फळ बोलण्यांचा आणि सत्याग्रहींवरच्या गोळीबाराचा इतिहास होता. निवडणूक जवळ होती म्हणून सैन्य गेले, असे नुसत्या तारखेवरून सिद्ध होत नाही.

म्हणून मला युद्धाच्या आरंभापेक्षा मधले आठवडे महत्त्वाचे वाटतात. युद्ध सुरू का झाले याचे उत्तर तीन सेनाधिकाऱ्यांच्या सौद्यात मिळेल. ते थांबले का नाही याचे उत्तर चौकात आणि संसदेत आहे. २ मे रोजी ‘जनरल बेल्ग्रानो’ ही युद्धनौका बुडाली, ३२३ जण गेले. दोन दिवसांनी ब्रिटनच्या ‘शेफील्ड’वर क्षेपणास्त्र आदळले. १४ जूनला अर्जेंटिनी सैन्याने शरणागती पत्करली. जयजयकार करणारा चौक आता शिव्या देत होता आणि काही दिवसांतच गाल्तिएरी पायउतार झाले. थॅचर पुढच्या वर्षी मोठ्या बहुमताने निवडून आल्या. त्यात युद्धाचा वाटा किती आणि सावरत्या अर्थव्यवस्थेचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक मेले, शिवाय तीन बेटवासी. अर्जेंटिनी सैनिकांत सक्तीने भरती केलेली तरुण पोरे पुष्कळ होती, काही तर कोरिएन्तेस, चाको अशा उष्ण उत्तरेकडच्या प्रांतांतली. बेटांवरच्या डार्विन इथल्या दफनभूमीत शंभरावर कबरींवर नावच नव्हते. रेडक्रॉसने २०१७मध्ये डीएनए तपासून त्यांची ओळख पटवायला सुरुवात केली, तोवर पस्तीस वर्षे लोटली होती.