देवनागरी संगणकाला जड जाते काय?

मराठी मजकूर भरभर सरकवताना पडदा अडखळला की "देवनागरीच किचकट, तिच्या जोडाक्षरांपुढे संगणक तरी काय करणार!" असा फैसला सुशिक्षित माणसेही बेधडक देऊन मोकळी होतात, आणि हा आरोप इतक्यांदा कानी आला आहे की त्याचे सविस्तर निराकरण करणे आता अगत्याचे झाले आहे.

रोमनपेक्षा देवनागरीत काम थोडे अधिक आहे, हे निर्विवाद. युनिकोडच्या नियमाप्रमाणे 'कि'मधील 'क' आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते, परंतु पडद्यावर ती डावीकडे मांडावी लागते. 'अर्क' या शब्दातील 'र्' आधी साठवलेला असूनही त्याचा रफार 'क'च्या माथ्यावर चढवावा लागतो. तथापि हार्फबझसारखी अक्षरे जुळवणारी लायब्ररी फॉन्टमधील कोष्टके वाचून ही मांडणी क्षणार्धात उरकते. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल तर प्रत्येक खेपेस सुमारे १७ मिलिसेकंदांचा अवधी मिळतो, आणि जो मजकूर तिळमात्रही बदललेला नाही त्याचीच मांडणी व रेखाटन दर खेपेस नव्याने करणारा प्रोग्राम तो अवधी व्यर्थ उधळतो. पूर्वी छापखान्यात एकदा ओतलेला खिळा पानोपानी जुळवत. तद्वत् एकदा रेखाटलेली अक्षराकृती स्मृतीत साठवून पुन्हा वापरण्याची तजवीज का करू नये?

ज्यांना संशय असेल त्यांनी विंडोज टर्मिनल या, आज्ञा टाइप करून काम करण्याच्या प्रोग्रामचे उदाहरण पाहावे. तेथे रंगीत मजकूर संथ उमटतो अशी तक्रार करणाऱ्या प्रोग्रामर केसी मुरातोरी यांनी २०२१ मध्ये 'रेफटर्म' हा नमुना-प्रोग्राम लिहिला. अक्षरे रेखाटण्याचे काम मायक्रोसॉफ्टच्याच डायरेक्टराइट या घटकाकडे ठेवून त्यांनी प्रामुख्याने आकृतींचा साठा नीट सांभाळला, आणि वेग कित्येक पटींनी वाढला. लिपी तीच, ऑपरेटिंग सिस्टिमही तीच! पुढे विंडोज टर्मिनलमध्येही तशाच साठ्यावर चालणारे 'अॅटलास' इंजिन आले. एवढे दाखवूनही जो लिपीलाच दोष देईल, त्याने आपल्या प्रोग्रामचा जमाखर्च कधी तपासलेला नाही, असेच म्हणावे लागते.

ग्राफिक्स कार्ड बसवले की मजकूर आपोआप वेगवान होतो, हाही भ्रमच. कार्ड बहुधा तयार आकृती जागच्या जागी चिकटवते, अक्षरांची जुळणी मुख्य प्रोसेसरलाच करावी लागते. लिनक्सवर मजकूर मुळातच मंद, हे म्हणणेही टिकत नाही, कारण क्रोम ब्राउझर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिहींवर हार्फबझच वापरतो. मॅकवरील अक्षरे जाड दिसतात ती अधिक श्रमामुळे नव्हे. विंडोजच्या जुन्या पद्धतीत अक्षराच्या कडा पिक्सेलच्या चौकटीत बसवल्या जात, मॅकने मूळ आकार जपणे पसंत केले. आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात हे खरे असले, तरी पडद्यावरील एका पानाच्या मजकुराला ते ओझे नगण्य आहे.