घाटावरच्या चार गंगा

*डोंगरावरच्या देवाला जायचं म्हणजे उंच चढायचं, असा आपला समज. बुलढाणा जिल्ह्याचे डोंगर उंचीच्या हिशेबात कुणाच्या खिजगणतीतही नाहीत. तरी श्रावणात माणसं तिथे अनवाणी चढतात. ती नेमकी कशाकडे जातात?*

बुलढाणा जिल्ह्यात सोयरीक जुळवताना एक प्रश्न हमखास येतो : पाहुणे घाटावरचे की घाटाखालचे? चिखली, मेहकर, देऊळगावराजा, बुलढाणा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. वऱ्हाडाच्या जुन्या कारभारातही हीच वाटणी होती. वरचा मुलूख बालाघाट, खालचा पायनघाट. मधली भिंत अजिंठ्याच्या डोंगररांगेची. मलकापूरहून निघालेली एसटी मोताळा मागे टाकून राजूर घाटाची वळणं चढू लागली, की खिडकीतून येणारा वारा बदलतो. झोपलेलं पोरही डोळे उघडतं. बुलढाणा आलं, हे कुणी सांगावं लागत नाही.

या घाटावरून निघणाऱ्या नद्यांची नावं एका दमात घेऊन बघा : पैनगंगा, नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा. चार नद्या आणि चारही गंगा. काशीपासून शेकडो कोस दूर असलेल्या या लोकांनी आपल्या ओढ्यांना गंगा म्हटलं. त्या एका शब्दात त्यांचा डोंगर पवित्र का, याचं उत्तर दडलेलं आहे.

एक कडा, दोन समुद्र

बुलढाणा तालुक्यात मढ नावाचं गाव आहे. तिथे बुधनेश्वराचं देऊळ. पैनगंगेचा उगम इथला मानतात. उन्हाळ्यात गेलं तर 'हीच का ती नदी?' असं वाटावं इतका तो उगम साधा. पण हे पाणी पूर्वेकडे धाव घेतं, विदर्भ आणि मराठवाड्याची सीमा आखत जातं, वर्धेला मिळतं, वर्धेबरोबर प्राणहिता होतं आणि सिरोंचाच्या अंगाला गोदावरीत शिरतं. तिथे त्याची गाठ त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून आलेल्या पाण्याशी पडते. शेवट बंगालच्या उपसागरात.

याच पठाराच्या उत्तर अंगाला पडलेला पाऊस मात्र दुसऱ्या वाटेने जातो. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा घाट उतरून पूर्णेला मिळतात, पूर्णा चांगदेवजवळ तापीला, आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. एकाच ढगातले दोन थेंब कड्याच्या अलीकडे-पलीकडे पडले, की एक पूर्वसमुद्राला जातो, दुसरा पश्चिमसमुद्राला. भूगोलात याला जलविभाजक म्हणतात. गिरड्याच्या स्वयंभू महादेवाला श्रावण सोमवारी चढणाऱ्या बाईला हा शब्द ठाऊक नसेल. तिला एवढं पक्कं माहीत आहे, की पाणी वरून येतं आणि ज्याच्याकडून येतं त्याला भेटून आलं पाहिजे.

घाटाखालच्या माणसाला तर हे जिभेवरच कळतं. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळीभोर, कपाशीला उत्तम, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. वर्षानुवर्षं खारं पाणी पोटात जाऊन किडन्या निकामी झालेली माणसं या गावांनी पाहिली आहेत. त्याच खोऱ्याच्या उत्तरेला सातपुड्याचा पायथा लागला, की गोष्ट पालटते. डोंगरातून आलेल्या दगडगोट्यांचा तिथे जाड थर आहे, त्याला बाजाडा म्हणतात. ओढ्याचं पाणी त्यात मुरतं आणि संग्रामपूर-जळगाव जामोदकडे संत्र्याच्या बागा उभ्या राहतात. खाऱ्या मैदानात जन्म काढलेल्या माणसाला दोन्ही क्षितिजांवरचे डोंगर गोड्या पाण्याचे रांजण वाटले, आणि त्याने तिथे देव बसवला, तर त्यात नवल ते काय?

लोणारला हाच धडा उलट्या अंगाने गिरवता येतो. तिथे डोंगर नाही, खळगा आहे. उल्का बेसॉल्ट खडकावर आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. तळ्याचं पाणी खारट आणि क्षारयुक्त. लवणासुराची कथा त्यावरच बेतलेली. नावातच लवण आहे. पण भाविक स्नानाला तळ्यात उतरत नाहीत. ते काठावरच्या 'धारे'खाली उभे राहतात, कारण ती गोडी आहे. २०२० साली या सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. गोड्या पाण्याचं ठिकाण ओळखून राखण्याचं काम धारेशी बांधलेल्या देवळांनी त्याच्या कितीतरी आधी सुरू केलं होतं.

माथा कुणासाठी?

जगभरचे पवित्र डोंगर बघितले तर एक गोष्ट सारखी दिसते. भक्त डोंगराला भेटतो, जिंकत नाही. कैलासाची परिक्रमा होते, त्याच्या शिखरावर कुणी पाय ठेवत नाही. १९५५ मध्ये जो ब्राउन आणि जॉर्ज बँड कांचनगंगा चढले, पण सिक्कीमच्या लोकांच्या श्रद्धेचा मान राखून अगदी माथ्याच्या खाली थांबले. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू खडकावर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झालं. तिथल्या मूळ रहिवाशांनी ते कित्येक वर्षं मागितलं होतं. आपल्याकडे श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीला फेरी घालतात, तीही प्रदक्षिणाच. बुलढाण्याच्या डोंगरांत तर नजरेत भरावं असं शिखरच नाही. देव कपारीत, कुंडापाशी, ओढ्याच्या वळणावर. चढणाऱ्याची नजर वर नसते. पाणी कुठे पाझरतंय, तिकडे असते.

'स्वतःला शोधायला डोंगरावर जातो' ही भाषा अलीकडची, शहरातली. गावची यात्रा अशी निघत नाही. कुणी नवस फेडायला निघालेलं असतं, कुणाच्या डोक्यावर रोडग्यांचं पीठ, कुणाच्या कडेवर पोर. वर पोचल्यावर गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची, आधी देवाला आणि मग पंगतीला वाढायचं. या सगळ्यात 'मी' कुठे येतो? आणि गंमत तिथेच आहे. दिवसभर 'मी' हाताशी न लागल्यामुळेच माणूस हलका होऊन उतरतो. आषाढीनंतर शेगावच्या गजानन महाराजांची पालखी लोणार, मेहकर करत खामगावमार्गे परतते, तेव्हा शेवटच्या टप्प्यात हजारो माणसं तिच्यासोबत चालतात. तिथे डॉक्टर, हमाल, मास्तर असं कुणी उरत नाही. सगळ्यांना एकच नाव : माउली.

विज्ञानानेही या हलकेपणाचा माग काढला आहे. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना दीड तास झाडागवतातून चालवलं आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. पहिल्या गटात तोच तो विचार मनात घोळवण्याची सवय कमी झालेली आढळली. त्या सवयीशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली होती. प्रयोग लहान होता, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण आजीने सुनेला 'जा, महादेवाला जाऊन ये, बरं वाटंल' म्हणावं, त्यामागचा अनुभव अगदीच हवेतला नव्हता, एवढं म्हणायला हरकत नाही.

ज्यांना कुठे जायचं नसतं

सातपुड्यात शिरलं की आपल्या कल्पनेला एक चिमटा बसतो. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या उत्तरेला कोरकू, भिलाला, निहाल समाजाच्या वस्त्या आहेत. कोरकू या शब्दाचा अर्थच 'माणसं'. निहालांची निहाली भाषा तर भाषाशास्त्रज्ञांना कोडं घालून बसली आहे. तिचं नातं ना मराठीशी, ना कोरकूशी, ना द्रविड भाषांशी धड जुळतं. भारतातल्या एकाकी भाषांत तिची गणना होते, आणि ती बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. या लोकांसाठी डोंगर ही यात्रेची जागा नाही. ते घर आहे, शेत आहे, मोहाचं झाड आहे, पुरलेले पूर्वज आहेत. निसर्गाशी 'पुन्हा नातं' जोडायची गरज ज्याने ते तोडलं त्याला. इथल्या अंबाबरवा अभयारण्याच्या वाटेवर आपण पाहुणे आहोत, हे लक्षात ठेवूनच पाऊल टाकावं.

दुसरा यजमान चार पायांचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण वाघाच्या गळ्यात कॉलर बसवली गेली. जूनमध्ये तो निघाला. शेतं, रस्ते, वस्त्या ओलांडत पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चालून डिसेंबरात तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. लोकांनी त्याला 'वॉकर' म्हटलं. पैनगंगेच्या खालच्या खोऱ्यातून निघून तिच्या उगमाच्या डोंगरापर्यंत आला, असाही हा प्रवास वाचता येतो. त्याला कुणी नवस सांगितला नव्हता. त्यालाही वर सावली, पाणी आणि एकांत हवा होता.

डोंगराचा नेम

हा एकांतच आता दुर्मीळ झाला आहे. पूर्वी देवाच्या डोंगराचे काही नेम होते. पायताण खाली ठेवायचं, ओली फांदी तोडायची नाही, कुंडात पाय घालायचा नाही, जेवण पळसाच्या पत्रावळीवर. आपण त्यांना अंधश्रद्धा म्हणून सोडलं आणि प्लास्टिकच्या प्लेटा, डीजे आणि देवळाच्या दारापर्यंत गाडी घेऊन आलो. खरं तर ते नेम म्हणजे पाणलोट राखण्याची गावरान नियमावली होती. फांदी राखली की माती राहते, माती राहिली की पाणी मुरतं, आणि मुरलेलं पाणी चैत्रात कुंडात दिसतं. गाभाऱ्यात जळणारा धूपही सालईच्या झाडाचा डिंक असतो. सालई गेली तर देवापुढे दरवळायचं काय?

जायचं असेल तर अगदी सोपं आहे. मलकापूर किंवा शेगावला रेल्वे सोडावी, एसटीने घाट चढावा. अभयारण्यात शिरायचं असल्यास वनखात्याची परवानगी आणि वेळा आधी विचाराव्यात. सोबत गावातलं एखादं म्हातारं माणूस मिळालं तर सोन्याहून पिवळं. झाडांची नावं त्याच्याकडून घ्यावीत. शेवटचा एक मैल तरी गाडीविना, न बोलता चालावं.

बुधनेश्वराला गेलेला बुलढाणेकर ओंजळीत पाणी घेतो, थोडं पितो, उरलेलं डोळ्यांना लावतो. त्याला तीर्थ म्हणतो. तेच पाणी पुढे येळगावच्या धरणात अडतं आणि पाइपातून बुलढाण्याच्या घराघरांत येतं. डोंगरावर जाऊन आलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी नळाखाली तांब्या धरावा आणि वाहतं पाणी बघून क्षणभर थांबावं. तांब्या भरला की नळ बंद करायला मग त्याला कुणी सांगावं लागत नाही.