स्पोर्ट्स कारची टेस्ट ड्राइव्ह ट्रॅकवर का घेतात? एका दिवसात नेमकं काय कळतं?

साधी हॅचबॅक घ्यायची असेल तर टेस्ट ड्राइव्ह सोपी असते. शेजारी सेल्समन बसतो, पुढच्या चौकातून वळसा मारून यायचं, एसी, गिअर आणि सीट बघायची, झालं. स्पोर्ट्स कारचं असं जमत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. पोर्शे ९११ सारखी गाडी हा वेग चार सेकंदांच्या आसपास गाठते. म्हणजे गाडी कशी आहे हे कळायच्या आतच कायद्याची मर्यादा येते.

म्हणूनच अशा गाड्यांच्या कंपन्या आणि डीलर इच्छुक ग्राहकांना रेसिंग ट्रॅकवर बोलावतात. भारतात असे ट्रॅक मोजकेच आहेत. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. सुमारे ५.१ किलोमीटर लांबी, १६ वळणं आणि एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा असलेल्या या ट्रॅकवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन शर्यत झाली. याशिवाय चेन्नईजवळ आणि कोइम्बतूरलाही ट्रॅक आहेत.

दिवसभरात काय होतं?

सुरुवात कागदपत्रांनी होते. लायसन्स दाखवायचं आणि जोखमीची कल्पना असल्याच्या कागदावर सही करायची. मग प्रशिक्षक ट्रॅकचे नियम, झेंड्यांचे अर्थ आणि बसण्याची पद्धत समजावतात. सीट मागे रेलून, एका हाताने स्टिअरिंग धरायची सवय इथे चालत नाही.

त्यानंतर मोकळ्या जागेत सराव होतो. रांगेत ठेवलेल्या कोनमधून नागमोडी गाडी काढायची, वेगात येऊन ब्रेक पूर्ण दाबायचा. मग हेल्मेट घालून ट्रॅकवर. बहुतेक वेळा प्रशिक्षक शेजारी बसतो किंवा पुढच्या गाडीतून वाट दाखवतो. थोड्या फेऱ्या झाल्या की गाडी बदलायची.

तुलना करायची तर कशाची?

पहिल्यांदा बघायचं ते इंजिन कुठे आहे. फोर्ड मस्टँगचं इंजिन पुढे बॉनेटखाली असतं. लॅम्बोर्गिनी हुराकानचं सीटच्या मागे, गाडीच्या मधोमध. पोर्शे ९११ चं १९६३ पासून अगदी मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे.

इंजिन जड असतं, त्यामुळे वजन कुठे आहे यावर गाडीचं वागणं ठरतं. पुढे जड असलेली गाडी वळणात जास्त वेगाने शिरली तर तिचं तोंड वळणाबाहेर जाऊ लागतं. मधोमध वजन असलेली गाडी पटकन वळते, पण तिची पकड सुटली तर गिरकीही पटकन घेते. मागे जड असलेल्या गाडीला वळणातून बाहेर पडताना छान पकड मिळते. मात्र वळणाच्या मध्येच घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर वजन पुढे सरकतं आणि मागची बाजू घसरायला बघते. आजच्या गाड्यांमधली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यातलं बरंच सांभाळून घेते, पण मूळ स्वभाव बदलत नाही.

म्हणून जाणकार एकच वळण ठरवून घेतात आणि प्रत्येक गाडी तिथे कशी वागते ते बघतात. ताकदीचे आकडे ब्रोशरमध्ये मिळतात, हा फरक मिळत नाही.

वेगापेक्षा ब्रेक महत्त्वाचा का?

वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर उत्तम ब्रेक असलेली गाडी ताशी १०० वरून थांबायला साधारण ४० मीटर घेते, म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या. त्याच हिशेबाने २०० वरून थांबायला सुमारे १६० मीटर लागतात, म्हणजे आठ खेळपट्ट्या. शिवाय ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला तर तेवढ्यात गाडी आणखी ५५ मीटर पुढे गेलेली असते.

ट्रॅकवर हे अंगाला जाणवतं. काही फेऱ्यांनंतर ब्रेक तापतात आणि पेडल पहिल्यासारखं लागत नाही. कोणत्या गाडीचा ब्रेक शेवटच्या फेरीतही तसाच राहिला, हा तुलनेतला खरा प्रश्न.

ट्रॅकवर काय कळत नाही?

बरंच काही. ट्रॅकवर गतिरोधक नसतात, खड्डे नसतात, सोसायटीच्या पार्किंगचा उतार नसतो. पुढचं बंपर कुठे घासेल, ट्रॅफिकमध्ये अर्धा तास बसल्यावर पाठ काय म्हणेल, मागचं किती दिसेल, हे शहरातच कळतं. त्यामुळे खरेदीआधी नेहमीच्या रस्त्यावर, साध्या वेगात दुसरी टेस्ट ड्राइव्ह मागायलाच हवी.

आणखी एक गोष्ट. नेहमीच्या कार विम्यात शर्यत आणि वेगाच्या चाचणीसाठी केलेला वापर वगळलेला असतो. त्यामुळे उद्या स्वतःची गाडी ट्रॅकवर न्यायची झाली तर आधी पॉलिसी नीट वाचावी.

याचा आपल्या रस्त्यांशी काय संबंध?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये पोर्शे टायकानच्या धडकेत दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. टायकान ही इलेक्ट्रिक गाडी. वजन दोन टनांहून जास्त आणि पाय दाबताक्षणी मिळणारी ताकद. अशा गाडीला कुठे थांबायचं हे फक्त चालवणाराच ठरवू शकतो.

कायदाही इथे कडक आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणीही १२ महिन्यांसाठी रद्द होते.

ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही, कुणी रस्ता ओलांडत नाही, कडेला गाडी घसरली तर मोकळी जागा असते आणि रुग्णवाहिका उभी असते. एवढं सगळं असूनही तिथे हेल्मेट आणि प्रशिक्षक लागतो. रस्त्यावर यातलं काहीच नसतं. त्यामुळे गाडी किती पळते यापेक्षा, तेवढी ती कुठे पळवायची नाही, हे ज्याला कळलं त्याचा ट्रॅकवरचा दिवस सत्कारणी लागला म्हणायचा.