पर्लच्या पोतडीतली अवजारं

गणपतीच्या सुट्टीत मी गावी, आरोंद्याला गेलो होतो. आरोंदा म्हणजे सावंतवाडी तालुक्याचं टोक. घरामागे माड, पुढे तेरेखोलची खाडी आणि खाडीपलीकडे गोवा. पाऊस असा की वीज दिवसातून चार वेळा जाते आणि मोबाईलची रेंज तिच्या आधी जाते. होस्टेलवर रात्री नेट दहा मिनिटं बंद पडलं तर आपण मेसच्या जेवणापेक्षा जास्त बोंब मारतो. इथे तीन दिवस नव्हतं.

आजोबांच्या जुन्या कॉम्प्युटरवरच्या फाईल्स माझ्या पेनड्राइव्हवर होत्या. आजोबा भजनी माणूस. डबलबारीला जायचे, स्वतः गजर रचायचे. रिटायर झाल्यावर हौसेने मराठी टायपिंग शिकले आणि वहीतली सगळी रचना कॉम्प्युटरवर घेतली. वही पुढे एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ली. आजोबाही गेले, त्यांच्यामागून हार्ड डिस्कही गेली. उरल्या त्या माझ्याकडच्या ३७ टेक्स्ट फाईल्स. आजीची इच्छा एवढीच, की आरतीनंतर म्हणायला त्यांच्या गजरांचं एक छापील पुस्तक घरात असावं.

फाईल उघडली तर कुठे मराठी दिसेना, कुठे डब्बे, कुठे नुसती प्रश्नचिन्हं. आजी मागे उभी. म्हणाली, "खय गेला रे झिला ता सगळा?"

आता मित्रहो, नेट नसताना हाताशी काय असतं? माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि लिनक्सवर पर्ल बहुधा असतंच. लॅरी वॉलने १९८७ च्या डिसेंबरात पहिलं पर्ल बाहेर सोडलं. आपल्या वर्गात त्याला म्हाताऱ्यांची भाषा म्हणतात, ते सोडा. मुद्दा असा, की पर्ल इन्स्टॉल होताना नुसतं पर्ल येत नाही, त्याच्याबरोबर बारक्या बारक्या आज्ञांची एक पोतडीच येते. वर्षानुवर्षं आपल्या मशीनवर पडून असते आणि आपण ढुंकून बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. (आज्ञांची नावं इथे देवनागरीत देतो आहे, टाइप करताना अर्थात इंग्रजीत करायची.)

पोतडीतलं पहिलं अवजार पर्लडॉक, म्हणजे पर्लची घरबसल्या मदत. पर्लडॉक डॅश एफ आणि पुढे एखाद्या फंक्शनचं नाव दिलं की तेवढंच पान समोर येतं. माझ्याकडे मात्र उत्तर आलं की आधी कागदपत्रांचं वेगळं पॅकेज टाका. नेट नाही तर टाकणार कुठून! पण एक वाट होती. या आज्ञांपैकी बऱ्याचशा स्वतःच पर्लमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्ट असतात आणि त्यांची माहिती त्याच फाईलच्या पोटात, पॉड नावाच्या साध्या खुणांमध्ये असते. म्हणून पॉड-टू-टेक्स्ट ही आज्ञा त्या स्क्रिप्टवरच चालवली आणि माहितीपत्रक बाहेर काढलं. फणस सोलल्यावर आतून गरे निघावेत तसं.

अशा रीतीने पी-आयकॉन्व्ह सापडलं. आयकॉन्व्ह हे एन्कोडिंग बदलण्याचं जुनं हत्यार, आणि हा त्याचा पर्लमधला भाऊ. २००२ साली आलेल्या पर्ल ५.८ पासून तो पर्लबरोबर मिळतो. वेगाने थोडा कमी, पण जिथे पर्ल तिथे तो, विंडोजवरसुद्धा. वापर सोपा : डॅश एफ म्हणजे कुठून, डॅश टी म्हणजे कुठे, मग फाईलचं नाव.

पण कुठून, हे आधी कळायला हवं. त्यासाठी मराठी अक्षर फाईलमध्ये कसं बसतं ते बघू. 'आरोंदा' हा शब्द घ्या. आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं. युनिकोडच्या हिशेबात सहा : आ, र, ओकाराची मात्रा, अनुस्वार, द, काना. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे १८ बाइट. यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येकी दोन, म्हणजे १२. 'आ' यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १३४ असा लिहिला जातो, आणि यूटीएफ-१६ च्या धाकट्या-बाइट-आधी प्रकारात ६, ९ असा. देवनागरीचा प्रत्येक दुसरा बाइट ९ दिसला आणि फाईलच्या तोंडाशी २५५, २५४ ही जोडी दिसली की समजायचं, हे यूटीएफ-१६.

आजोबांच्या २२ फाईल्स अशा निघाल्या. त्या काळच्या एडिटरमध्ये सेव्ह करताना नुसतं 'युनिकोड' निवडलं की यूटीएफ-१६ व्हायचं. पी-आयकॉन्व्ह, डॅश एफ यूटीएफ-१६, डॅश टी यूटीएफ-८. स्क्रीनवर पहिला गजर आला तेव्हा आजीने चष्मा लावून तो मोठ्याने वाचला आणि ताल चुकला म्हणून पुन्हा वाचला.

इथे मला जोर चढला. म्हटलं, एकेक कशाला, सगळ्या फाईल्स एकत्र करणारी स्क्रिप्टच लिहू. लिहिली. पर्लने लगेच कुरकुर केली : वाइड कॅरेक्टर इन प्रिंट. मराठीत काम करणाऱ्याला पर्लची पहिली ओळख होते ती याच वॉर्निंगने. तिचा अर्थ विचारायला पोतडीत स्प्लेन आहे. वॉर्निंग एका फाईलमध्ये साठवून स्प्लेनला द्यायची, तो सविस्तर समजावतो : २५५ च्या वरचं अक्षर अशा वाटेने बाहेर पडतंय जिला एन्कोडिंग सांगितलेलं नाही, तेव्हा ते सांगा. मी सांगितलं. वॉर्निंग गेली. मी खूश.

पण नऊ फाईल्स आधीपासूनच यूटीएफ-८ होत्या. त्यांना वाचताना मी काहीच सांगितलं नव्हतं. पर्लने त्यांचा एकेक बाइट हे एकेक लॅटिन अक्षर समजून पुन्हा यूटीएफ-८ केलं. म्हणजे एकदा तळलेली पुरी परत कढईत. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्या शेजारी चार पाय फुटलेला गोल, असा कचरा तुम्ही वेबपेजवर पाहिला असेल. तो ए म्हणजे २२४ आणि तो गोल म्हणजे १६४. माझा गाढवपणा पुढे आहे : हे सगळं मी मूळ फाईल्सवरच लिहिलं होतं. दुसरी प्रत नव्हती.

त्या रात्री वीज नव्हती. लॅपटॉपची बॅटरी निम्म्यावर, आजी ओटीवर वाती वळत बसलेली. तिला काही बोललो नाही. कागदावर मांडणी केली. बिघाड जर 'बाइटला लॅटिन-१ अक्षर समजणे' एवढाच असेल, तर उलट वाट म्हणजे यूटीएफ-८ मधून लॅटिन-१ मध्ये जाणे. लॅटिन-१ मध्ये २५६ च्या २५६ जागांना एकेक अक्षर आहे, त्यामुळे वाटेत काहीच सांडत नाही. डॅश एफ यूटीएफ-८, डॅश टी आयएसओ-८८५९-१. नऊच्या नऊ फाईल्स जशाच्या तशा परत आल्या.

यात माझं नशीबही होतं. विंडोजचा १२५२ नावाचा तक्ता दिसायला लॅटिन-१ चाच भाऊ, पण त्यात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत. मराठीच्या दृष्टीने हे पाच खड्डे अगदी रस्त्याच्या मधोमध. पहिला उकार १२९ वर संपतो, पाय मोडण्याचं चिन्ह १४१ वर, ए १४३ वर, ऐ १४४ वर, झ १५७ वर. बिघाड त्या तक्त्यातून झाला असता तर जोडाक्षरं आणि उकार परत मिळतीलच याची खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी आधी शासम चालवलं. हे अवजार फाईलचा ठसा काढतं. डॅश ए २५६ दिलं की ६४ खुणांचा ठसा मिळतो, आणि फाईलमधला एक अनुस्वार हलला तरी तो पूर्ण बदलतो. सगळ्या फाईल्सचे ठसे एका यादीत ठेवले, पी-टारने गठ्ठा बांधून दोन ठिकाणी प्रती केल्या आणि शासम डॅश सी ने प्रती यादीशी ताडून पाहिल्या. हे काम पहिल्या दिवशी पाच मिनिटांत झालं असतं.

जाता जाता एक गंमत. पी-आयकॉन्व्ह डॅश एल दिलं की त्याला येणाऱ्या एन्कोडिंगची यादी मिळते. त्यात आयएसओ-८८५९ ची मालिका १ पासून ११ पर्यंत सरळ जाते, ११ म्हणजे थाई, आणि मग एकदम १३ येतो. मधला १२ देवनागरीसाठी राखला होता. १९९७ मध्ये ते काम सोडून दिलं. आपल्याकडे तोपर्यंत १९९१ चं इस्की हे भारतीय मानक होतं आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली. तरी यादीतली ती रिकामी जागा पाहून वाटायचं ते वाटतंच.

पोतडीत अजून बरंच आहे. जेसन नीट मांडून दाखवणारं जेसन-पीपी, टेस्ट चालवणारं प्रूव्ह, कोणतं मॉड्यूल पर्लच्या कोणत्या आवृत्तीपासून बरोबर येतं ते सांगणारं कोअरलिस्ट. प्रोजेक्टवाल्यांनी प्रूव्ह तरी बघाच. ऑकच्या आणि सेडच्या स्क्रिप्ट पर्लमध्ये बदलणारी ए-टू-पी आणि एस-टू-पी मात्र २०१५ च्या ५.२२ पासून पोतडीतून काढली, जुन्या पुस्तकात वाचून शोधत बसू नका.

राहिल्या सहा फाईल्स. प्रश्नचिन्हांच्या. या 'एन्सी' म्हणून सेव्ह झालेल्या. त्या तक्त्यात देवनागरी नाहीच, म्हणून प्रत्येक खुणेच्या जागी बाइट ६३, म्हणजे प्रश्नचिन्ह. पी-आयकॉन्व्हला अशा वेळी डॅश पी दिलं तर न बसणाऱ्या अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक लिहून ठेवतो आणि मूळ परत मिळू शकतं. इथे तसं काही नव्हतं. कोणतंही अवजार ६३ मधून क काढू शकत नाही.

पण मोकळ्या जागा शाबूत होत्या, ओळी शाबूत होत्या आणि प्रश्नचिन्हांची संख्या बरोबर होती. 'आरोंदा' असेल तिथे सहा प्रश्नचिन्हं. मी आजीला म्हटलं, तुला पाठ असतील ते म्हण. ती म्हणत गेली, मी टाइप करत गेलो, आणि पर्लची एक ओळ प्रत्येक शब्दाची लांबी प्रश्नचिन्हांशी ताडून बघत होती. (पर्लला डॅश मोठा सी, मोठा एस द्यायला विसरू नका, नाहीतर लेंग्थ सहाऐवजी १८ सांगते.) बहुतेक ओळी जुळल्या. एका ठिकाणी आजी 'खंय' म्हणाली, फाईलमध्ये दोनच प्रश्नचिन्हं. आजीने परत म्हणून बघितलं, मग हसली. म्हणाली, "तेंनी अनुस्वार कधी दिल्यानीच नाय."

पाच फाईल्स पूर्ण झाल्या. सहाव्यातल्या शेवटच्या तीन ओळी आजीला आठवत नाहीत. त्या तशाच, प्रश्नचिन्हांसकट पुस्तकात घातल्यात, शेजारी पेनाने लिहायला जागा सोडून. आजोबांबरोबर पेटीला बसणारे एक काका सध्या मुंबईला मुलाकडे असतात, ते शिमग्याला येणार आहेत.