काटा उडतो तेव्हा

शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या गाडीत तापमानाचा काटा दोन फेऱ्या मध्यावर निमूट उभा राहतो, तिसऱ्या फेरीत एका वळणावर थेट लाल पट्ट्यात उडी मारतो आणि वळण संपेपर्यंत परत जागेवर येऊन बसतो. गाडी पिटमध्ये आणून बॉनेट उघडावे तर वाफ नाही, गळती नाही, वास नाही. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. सेन्सर गेला, बदलून टाका, हा पहिला. तो असाच करतो, लक्ष देऊ नका, हा दुसरा. दोघांनाही तपासाआधीच निकाल द्यायची घाई झालेली असते. काटा कुठवर गेला यापेक्षा तो किती वेगाने आणि कोणत्या दिशेला गेला हे पाहिले, तर बिघाड विजेचा की उष्णतेचा हे पाना हातात घेण्याआधीच बरेचसे कळते. ते कळेपर्यंत मात्र इंजिन खरोखरच तापले आहे असे धरून चालावे.

आधी वेग. लहान गाडीत साधारण ६ लिटर कूलंट असते. तेवढे पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे २५ किलोज्यूल उष्णता लागते. इंजिन पूर्ण जोरात चालताना पाण्यात दर सेकंदाला ५० किलोज्यूल उष्णता उतरते असे धरू, आणि रेडिएटर अजिबात काम करत नाही असेही धरू. तरी पाणी सेकंदाला २ अंशांनीच चढेल, आणि ब्लॉक व हेडचा धातू हिशेबात घेतला तर त्याहून बरेच कमी. म्हणजे ९० अंशांवरून १२० वर जायला निदान १५ सेकंद हवेत. सेन्सरचे पितळी अंग तापायला वेळ लागतो तो वेगळाच. अर्ध्या सेकंदात मध्यावरून टोकाला गेलेला काटा पाण्याविषयी काही सांगत नसतो, तो वायरीविषयी सांगत असतो. यावर एक रास्त आक्षेप आहे : बऱ्याच गाड्यांचे काटे मुद्दाम संथ केलेले असतात, त्यामुळे विजेचा झटकाही तिथे सावकाश चढल्यासारखा दिसतो. खरे आहे. म्हणून हा नियम एकाच बाजूने वापरायचा. काटा झटक्यात उडाला तर दोष विजेचा. सावकाश चढला तर अजून काहीच सिद्ध झालेले नाही.

मग दिशा. जुन्या धाटणीच्या गाड्यांत मीटरसाठी एकाच वायरीचा सेंडर असतो. आत थर्मिस्टर, जो तापला की त्याचा विद्युतरोध घटतो. परतीचा प्रवाह इंजिनच्या धातूतूनच अर्थिंगला जातो. अशा जोडणीत वायर तुटली किंवा कनेक्टर ढिला झाला तर काटा थंडाकडे पडतो. तीच वायर कुठेतरी घासून तिचे तांबे बॉडीला टेकले, तर काटा लाल टोकाला जातो. आपल्याकडे कुठल्याही लहरी बिघाडाला ‘लूज कॉन्टॅक्ट असेल’ हे उत्तर तयार असते. पण इथे लाल टोकाला उडणाऱ्या काट्यासाठी ढिला कनेक्टर शोधत बसणे म्हणजे चुकीच्या दारात उभे राहणे. तिथे सोललेली वायर शोधायला हवी. सगळ्यात फसवी असते ती तिसरी चाल : काटा वळणावर जरासा खाली डुलतो आणि परत येतो. कूलंट कमी झाले, आत हवा किंवा वाफ साठली, की वळणावर पाणी एका बाजूला सरकते आणि सेन्सर उघडा पडतो. हेड तापत असताना काटा उतरलेला दिसतो, आणि चालक निर्धास्त होतो.

माझदा एमएक्स-५ या गाडीच्या पहिल्या पिढीत हा गुंता चांगला दिसतो. १९८९ साली आलेली ही दोन आसनी गाडी हौशी ट्रॅकवाल्यांची जगभर लाडकी आहे. तिचे इंजिन मुळात माझदाच्या ३२३ या गाडीतले, म्हणजे आडवे बसवण्यासाठी आखलेले. तिथे पाणी पुढून आत शिरे आणि हेडच्या मागच्या टोकाने बाहेर पडे. एमएक्स-५ मध्ये इंजिन उभे बसले आणि जागेच्या सोयीसाठी पाण्याची मुख्य वाट, थर्मोस्टॅटसह, पुढे आणली गेली. मीटरचा एकवायरी सेंडर आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचा दोनवायरी सेन्सर मात्र हेडच्या मागच्या बाजूला. त्यामुळे एखाद्याने थर्मोस्टॅटपाशी दुसरा मीटर बसवला आणि दोन आकडे जुळले नाहीत, तर एक खोटा असलाच पाहिजे असे नाही. दोन्ही आपापल्या जागेचे खरे तापमान सांगत असतील. ट्रॅकवाले पाण्याची वाट पुन्हा मागे वळवून घेतात. त्या कामात सेंडर नव्या जागी जातो, त्याच्या आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळली जाते, वायर लांबवली जाते. टेप जास्त झाली की सेंडरचे अर्थिंग कमजोर होते आणि काटा खरे तापमान असेल त्याहून थंड दाखवू लागतो. गळती टाळायला गुंडाळलेली टेप असा उद्योग करते हे सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही.

रोजच्या रस्त्यावर शहाण्यासारखा वागणारा काटा ट्रॅकवरच का बिघडतो? तिथे इंजिनचे माउंटिंग कडक असते, थरथर जास्त, बॉनेटखालची उष्णता जास्त, आणि वजन कमी करण्याच्या नादात वायरी धरून ठेवणाऱ्या क्लिपा गेलेल्या असतात. कथिलाचा मुलामा दिलेल्या टर्मिनलांत तर अशी सूक्ष्म थरथर मुलामा खरवडत राहते, आणि त्या भुकटीचा ऑक्साइड दोन धातूंच्या मध्ये साचतो. कनेक्टर काढून परत बसवला की हा थर पुसला जातो आणि दोष काही काळ नाहीसा होतो. सेन्सर स्वस्त आहे, बदलून पाहायला काय जाते, या युक्तिवादाची अडचण इथेच आहे. सेन्सर बदलताना कनेक्टर काढून लावलाच जातो. गाडी बरी होते, श्रेय नव्या सेन्सरला मिळते, आणि पुढच्या ट्रॅक डेला काटा पुन्हा उडतो.

म्हणून बदलण्याआधी दोष वायरीकडे की सेंडरकडे, ही वाटणी करावी. गरम इंजिनवर सेंडरचा जितका रोध भरतो तितक्याच ओहमचा स्थिर रेझिस्टर त्याच्या जागी, कनेक्टर आणि अर्थिंग यांच्यामध्ये जोडायचा आणि इग्निशन चालू ठेवून वायरिंगचा जुडगा हात-हातभर हलवत जायचे. काटा हलला तर दोष वायरीत किंवा मीटरमागे; ढिम्म राहिला तर सेंडर किंवा त्याचे अर्थिंग. मग सेंडर काढून, नेमक्या थर्मामीटरसोबत पातेल्यात तापवून मल्टिमीटर लावावा आणि त्यावर हलकेच टिचक्या माराव्यात. आकडा सलग उतरायला हवा, मध्येच उडायला नको. पुण्यात हे करणाऱ्याने पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते हे ध्यानात ठेवावे, नाहीतर चांगला सेंडर दोन अंशांनी दोषी ठरायचा. अर्थिंगसाठी पंखा आणि दिवे लावून इंजिन ब्लॉक व बॅटरीचे ऋण टोक यांच्यातला व्होल्टेज मोजावा, तो ०.२ व्होल्टच्या वर गेला तर तिथेच थांबून अर्थिंगची पट्टी साफ करावी. इन्फ्रारेड थर्मामीटर हातात आला की माणसे तो चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखतात, आणि तो तिथे बराच कमी आकडा दाखवतो. काळ्या रबरी नळीवर किंवा चिकटवलेल्या टेपवर रोखला तर जरा भरवशाचा.

एवढी उठाठेव कशाला, दुसरा स्वतंत्र मीटर लावला की झाले, असेही म्हणता येईल. लावावाच, ट्रॅकवर तो असलेला बरा. पण त्याचे अर्थिंग त्याच गंजलेल्या पट्टीवरून घेतले तर दोघे मिळून खोटे बोलतील, आणि कूलंट उतरल्यावर दोन्ही सेन्सर वाफेत असतील तर दोघेही गप्प बसतील. अशा वेळी दाबाचा मीटर जास्त उपयोगी : पाणी गळाले की दाब आधी पडतो. १.१ बारचे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२२ अंशांवर नेते. दाबच गेला तर १०० च्या आसपासच उकळी फुटते. ‘तो असाच करतो’ म्हणणाऱ्यांचा मुद्दाही तसा अनुभवातूनच आलेला असतो, दहापैकी नऊ वेळा ते बरोबरही ठरतील. पण हेड गॅस्केट फुंकायला किंवा ॲल्युमिनियमचे हेड वाकायला दहावी वेळ पुरते.

दुरुस्तीनंतर काटा दिवसभर उडाला नाही एवढ्यावर समाधान मानू नये. लहरी दोष आपणहूनही दिवसभर लपतो. संशयित तुकडा परत जोडून हलवावा. काटा पुन्हा उडाला तर दोष तिथेच होता. नाही उडाला तर तो तुकडा फेकू नये, त्यावर तारीख लिहून टूलबॉक्समध्ये ठेवावा, आणि शोध पुढच्या कनेक्टरपासून सुरू करावा.