खर्जाची बैठक

भाईंदर स्टेशनवरून पश्चिमेला निघालेला रस्ता मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकत डोंगरी-उत्तनला पोहोचतो. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर लोकसंख्या भरलेल्या मीरा-भाईंदर शहराचे हे समुद्राकडचे टोक. इथे अजून कोळीवाडे आहेत, काठ्यांवर वाळणारे बोंबील आहेत, जुनी चर्च आहेत आणि लग्नात ब्रास बँड आहे. वसई-उत्तनपासून मुंबईपर्यंतच्या मराठीभाषक ख्रिस्ती समाजाने १८८७ पासून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. त्यांच्या लग्नात उंबराचे पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात. कोळ्यांच्या हळदीलाही हाच बँड लागतो. कोळीगीत, चर्चमधले स्तोत्र आणि हिंदी सिनेमातले गाणे ही तिन्ही एकाच वाद्यावर वाजू शकतात, याचे इथे कोणाला नवल वाटत नाही.

या बँडची उतरंड ठरलेली असते. चाल उचलायची ट्रंपेटने आणि क्लॅरिनेटने. युफोनियम बहुधा तीच चाल खालच्या सप्तकात वाजवतो. ट्रंबोन मधल्या जागा भरतो. आणि सर्वांत मागे, अंगाभोवती पितळेचे वेटोळे घेतलेला वादक दर मात्रेला एकेक जाड स्वर टाकत चालतो. तो ट्यूबा असेल किंवा खांद्यावरून कर्णा पुढे काढलेला सूझाफोन असेल. बँडवाले दोघांनाही नुसते ‘बास’ म्हणतात. फोटो काढणारे या वाद्याचा फोटो आवर्जून काढतात, पण ते काय वाजवते याकडे लक्ष देणारे थोडे.

या खालच्या वाद्यांनाच बैठकीत बसवून त्यांच्यासाठी स्वतंत्र संगीत लिहिण्याची एक चळवळ गेल्या सत्तर वर्षांत जगात उभी राहिली आहे. पाश्चात्त्य संगीतात ज्याला चेंबर म्युझिक म्हणतात, त्याला आपल्याकडे जवळचा शब्द बैठक हाच. संचालक नाही, प्रत्येक भागाला एकच वादक, श्रोते हाताच्या अंतरावर. अशा ठिकाणी कोणाला कोणाच्या मागे लपता येत नाही. ट्यूबासारख्या जन्मभर मागे उभ्या राहिलेल्या वाद्याला तिथे बसवले म्हणजे काय होते, आणि ते आपल्या संगीतविचाराच्या किती जवळ येते, हे या लेखात पाहायचे आहे.

उशिरा जन्मलेले वाद्य

ट्यूबा हे वाद्यवृंदातले तसे तरुण वाद्य. विल्हेल्म वीप्रेख्ट हा प्रशियाचा लष्करी बँडप्रमुख आणि योहान गॉटफ्रीड मोरित्झ हा बर्लिनचा वाद्यकार, या दोघांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी त्याचे पेटंट घेतले. त्याआधी खालचे स्वर वाजवायला सर्पासारखे वळलेले ‘सर्पेंट’ हे लाकडी वाद्य होते आणि छिद्रांवर चाव्या बसवलेले ‘ऑफिक्लाइड’ होते. दोघांचाही सूर बेभरवशाचा. बर्लियोझने १८३० च्या आपल्या प्रसिद्ध सिंफनीत प्रथम हीच वाद्ये घातली होती. पुढे त्याने तिथे ट्यूबा मान्य केला.

हे शक्य झाले ते झडपेमुळे. पितळी नळीत फुंकले की नळीच्या लांबीप्रमाणे ठराविकच स्वर निघतात. १८१८ साली जर्मनीत पेटंट झालेल्या झडपेने हवेला जादा नळीच्या वळणातून फिरवून आणण्याची सोय केली. बोटाने झडप दाबली की नळी लांब होते आणि स्वर उतरतो. दुसरी झडप एक अर्धस्वर उतरवते, पहिली दोन, तिसरी तीन. या तीन बोटांच्या हिशोबावर सगळा बँड उभा आहे.

हे वाद्य हिंदुस्थानात आले ते लष्करी पलटणींबरोबर. संस्थानिकांनी आपले बँड उभे केले, पोलिसांचे बँड झाले, आणि तिथून निवृत्त झालेल्या वादकांनी लग्नाचे बँड काढले. मीरतच्या कारखान्यांनी देशी वाद्ये बनवायला घेतली आणि ती गावोगाव पोहोचली. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत आजही प्रभात आणि दरबार या बँडपथकांना मान आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून स्टाफ नोटेशन शिकवले जाई. तिथल्या वादकांनी मुंबईच्या सिनेसंगीतातला पितळी विभाग चालवला. थोडक्यात, या वाद्यांना आपल्याकडे पाहुणे म्हणण्याचे दिवस केव्हाच संपले.

ओझे वाहणारा बोलू लागला

खालच्या पितळी वाद्यांची बैठक पूर्वी अगदीच नव्हती असे नाही. बेथोव्हेनने १८१२ साली लिंझ गावी मृतात्म्यांच्या दिवसासाठी चार ट्रंबोनकरिता तीन छोट्या रचना केल्या. १८२७ साली त्याच्याच अंत्ययात्रेत त्यातले संगीत वापरले गेले. पण ट्यूबाला त्याच्या जन्मानंतर शंभर वर्षे एकट्याने बोलायची संधी जवळजवळ मिळाली नाही.

१३ जून १९५४ रोजी लंडनमध्ये राल्फ व्हॉन विल्यम्सचा ट्यूबा कन्चेर्टो प्रथम वाजला. वादक होता फिलिप कॅटलिने. संगीतकार तेव्हा ८१ वर्षांचा होता, आणि म्हाताऱ्याची लहर म्हणून काहींनी त्याकडे पाहिले. पण त्याच्या मधल्या संथ भागात ट्यूबा गातो, हे ऐकणाऱ्याला नाकारता येत नाही. पुढच्याच वर्षी पाउल हिंडेमिटने बास ट्यूबा आणि पियानोसाठी सोनाटा लिहिला. वाद्यवृंदातल्या जवळजवळ प्रत्येक वाद्याला एकेक सोनाटा देण्याचे त्याचे काम चालू होते. ट्यूबाची पाळी सर्वांत शेवटी आली.

यानंतरचे काम बहुतांशी वादकांनी केले. अमेरिकेतला हार्वे फिलिप्स हा त्यांचा म्होरक्या. आपल्या वाद्यासाठी संगीत नाही, तर ते लिहून घेतले पाहिजे, हा त्याचा सरळ हिशोब. त्याने मित्र-संगीतकारांच्या मागे लागून रचनांची रासच जमवली. १९७३ साली ट्यूबावादकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९७४ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरवर त्याने आपल्या गुरूच्या स्मरणार्थ शेकडो ट्यूबा आणि युफोनियम वादक एकत्र बसवले आणि नाताळची गाणी वाजवली. ती प्रथा पुढे अनेक शहरांत पसरली. सोफिया गुबायदुलिनाने १९७७ मध्ये ट्यूबा आणि पियानोसाठी ‘लामेंतो’ लिहिले, पेंडरेत्स्कीने १९८० मध्ये एकट्या ट्यूबासाठी ‘काप्रिचो’. दोन युफोनियम आणि दोन ट्यूबा अशी चौकडी तर आता परदेशातल्या विद्यालयांतून रुळलेली गोष्ट आहे.

खालच्या सप्तकाचे गणित

अशा चौकडीसाठी लिहिणे व्हायोलिनच्या चौकडीसारखे नसते. याचे कारण कानात आहे. मोठ्या ट्यूबाची नळी सरळ केली तर सुमारे १८ फूट भरते. तिचा मूळ स्वर सेकंदाला २९ कंपनांचा, म्हणजे माणसाला स्वर म्हणून जेमतेम ऐकू येणारा. त्याच्या दुप्पट, सुमारे ५८ कंपने, हा षड्ज धरू. त्यावर शुद्ध गंधार घेतला तर तो सुमारे ७३ कंपनांचा होईल. दोघांत फरक पंधराचा. एवढ्या खाली हा फरक कानाला दोन स्वर म्हणून सुटा कळत नाही. एक घरघर ऐकू येते. तेच दोन स्वर दोन सप्तके वर नेले की फरक साठच्या घरात जातो आणि गोड संवाद होतो. म्हणून जुने संगीतकार खाली स्वर विरळ ठेवत आणि वर दाट.

नव्या संगीतकारांनी या घरघरीलाच कच्चा माल मानले. दोन ट्यूबा जवळजवळ एकाच स्वरावर ठेवून त्यातला एक केसभर हलवला की आवाजात लाट उठते. ती लाट जलद करायची, संथ करायची, थांबवायची, यावरच अर्ध्या तासाची रचना उभी राहते. आणखी एक चमत्कार असा की ५८ चा षड्ज आणि ८७ चा पंचम बिनचूक जुळले, तर त्यांच्यातल्या फरकाचा, म्हणजे २९ चा, खालचा षड्ज कोणी न वाजवताही कानाला जाणवतो. वादक दोन आणि स्वर तीन. तानपुरा लावताना जोडीच्या तारा जुळल्यावर स्वयंभू गंधार ऐकलेल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. तिथे न छेडलेला स्वर वर उमटतो, इथे तो खाली उमटतो.

दुसरी अडचण श्वासाची. खालचा स्वर जोरात धरायला ट्यूबावादकाला इतकी हवा लागते की काही सेकंदांत छाती रिकामी होते. म्हणून अखंड स्वर हवा असेल तर वादकांनी पाळीपाळीने श्वास घ्यायचा असतो. एकाचा स्वर विरायच्या आत दुसरा उचलतो. वारकरी भजनात टाळकऱ्यांच्या रांगा जसा अभंग एकमेकांच्या हाती देतात, तसेच हे. एकमेकांचा श्वास ऐकल्याशिवाय हे जमत नाही. बैठकीचे संगीत म्हणतात ते याच अर्थाने.

देवलांच्या श्रुती आणि बर्लिनची झडप

तीन झडपांच्या हिशोबात एक खोट आहे. प्रत्येक झडपेची जादा नळी ही मूळ लांबीच्या मापाने कापलेली असते. पण एक झडप दाबली की मूळ लांबीच बदलते, आणि मग दुसरीची नळी तोकडी पडते. तिन्ही झडपा एकदम दाबल्या तर १८ फुटी वाद्यात सुमारे नऊ इंच नळी कमी पडते आणि स्वर चढा लागतो. १८७४ साली लंडनच्या डेव्हिड ब्लेकलीने यावर भरपाईची यंत्रणा काढली. चांगल्या युफोनियममध्ये ती आजही असते. साध्या वाद्यावर मात्र वादकालाच ओठ सैल करून सूर खाली आणावा लागतो. म्हणजे बँडमधला बासवाला दिवसभर सूर शोधतच असतो.

आणि ज्या सुराकडे तो जातो, तो पेटीचा सूर नसतो. मोकळ्या नळीतून निघणारे स्वर निसर्गक्रमाचे असतात. चौथा, पाचवा, सहावा हे अंश म्हणजे षड्ज, गंधार, पंचम. त्यातला गंधार पेटीच्या गंधारापेक्षा स्पष्टपणे उतरलेला. महाराष्ट्रात या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी मोठे काम झाले आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेऊन मोजमापे केली, आणि क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशांच्या साथीने श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावरून वादही झाले. ती पेटी रूढ झाली नाही. समान अंतराची साधी पेटीच घरोघरी राहिली, आणि १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली तरी ती हटली नाही.

बर्लिनमध्ये राहणाऱ्या रॉबिन हेवर्ड या इंग्रज ट्यूबावादकाने २००९ साली सूक्ष्म स्वरांसाठी खास झडपा बसवलेला ट्यूबा तयार करवला. पुढच्या वर्षी दोन नॉर्वेजियन वादकांसह त्याने ‘मायक्रोटब’ हे त्रिकूट काढले. तीन ट्यूबा, लांब स्वर, शुद्ध प्रमाणांचे संवाद. त्याच्याच दुसऱ्या एका त्रिकुटात हॉर्न, ट्रंबोन आणि ट्यूबा आहेत. स्वीडनच्या एलन आर्कब्रोची चर्चच्या ऑर्गनबरोबरची रचना त्यांनी वाजवली आहे. देवलांना जे पेटीत हवे होते, ते इथे पितळेत होते आहे. फरक एवढाच, की पेटीचा सूर सुताराने एकदा ठरवून टाकला की संपले. ट्यूबात तो प्रत्येक वेळी श्वासाने आणि ओठाने नव्याने लावावा लागतो. या बाबतीत ट्यूबा पेटीपेक्षा गळ्याच्या जवळचा आहे.

उत्तनला याचे काय?

आता पुन्हा त्या वरातीतल्या शेवटच्या वादकाकडे येऊ. बँडचा खर्च कमी करायचा झाला तर जो चाल वाजवत नाही तो आधी गळतो. आणि डीजेच्या भिंतीपुढे तर त्याची गरजच उरत नाही, कारण जाड आवाज हे त्या भिंतीचेच मुख्य काम. ट्रंपेटवाल्याला ऑर्केस्ट्रात, क्लबात, स्टुडिओत कुठेतरी जागा आहे. बासवाल्याला बँडबाहेर जागा नाही. बँड बसला की त्याच्याबरोबर फुंकर, ओठ, कान यांची कमाई बसते, आणि ती कमाई पुस्तकातून परत मिळवता येत नाही.

यावर बैठकीचे संगीत हा पोटापाण्याचा उपाय आहे, असे कोणी म्हणू नये. युरोप-अमेरिकेतही ट्यूबाच्या चौकडीवर घर चालत नाही. पण हार्वे फिलिप्सच्या पिढीने एक गोष्ट सिद्ध केली: वाद्याला स्वतःचे संगीत मिळाले की ते शिकायला कारण मिळते, आणि शिकणारा मिळाला की वाद्य टिकते. आपल्याकडे वादक आहेत, खर्जाचा संस्कार आहे, श्रुतींचा शंभर वर्षांचा विचार आहे. नाही ती रचना. मराठीत सतारीसाठी, संवादिनीसाठी, व्हायोलिनसाठी विचार झाला. बँडच्या वाद्यांना आपण मिरवणुकीच्या हवाली करून मोकळे झालो.

त्यासाठी फार मोठे सभागृह नको. मीरा रोडला लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे, पण चार खालच्या वाद्यांना चर्चची किंवा शाळेची एखादी खोली पुरते. उलट छोट्या खोलीतच ती घरघर आणि तो न वाजवलेला षड्ज नीट ऐकू येतो. दोन युफोनियम, एक ट्रंबोन, एक बास. एका आलापाची मांडणी, एखाद्या कोळीगीताची चाल अतिमंद्रात उतरवून, पाळीपाळीने घेतलेल्या श्वासांवर तोललेली. लिहिणाऱ्याने आधी वादकांकडे जाऊन त्यांच्या प्रत्यक्ष वाद्यावर कोणता स्वर चढा आणि कोणता उतरा लागतो हे विचारावे, आणि तिथून सुरुवात करावी.

वेळही ठरलेला आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, लग्नसराई संपलेली असते, बँडच्या पेट्या बंद असतात. तालमीला दोन महिने मिळतात.